सॅटेलाईट इंटरनेट : अडचण पावसाची नाही, वाटणीची आहे

व्हीसॅटवाला

५ नोव्हेंबर २०२५ ला राज्य सरकारने स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट कंपनीसोबत इरादापत्रावर सही केली. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम या जिल्ह्यांची नावं आली आणि तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर 'आता टॉवरची गरज संपली' हे फॉरवर्ड थांबायचं नाव घेत नाही. डिसेंबरात कंपनीच्या साइटवर महिना ८,६०० रुपये असा दर झळकला, मग 'ती चाचणीची माहिती होती' असा खुलासा आला. पैशांवर इथे नको, त्यासाठी दुसरा धागा काढा. मला फक्त तांत्रिक बाजूवर वाद घालायचाय.

माझी सगळी नोकरी बँकांच्या शाखांवर व्हीसॅट (छोट्या डिशची उपग्रह जोडणी) बसवण्यात गेली. गच्चीवर चढून डिश अलाइन करायची, मॉडेम लॉक झाला की हबला (मुख्य केंद्राला) फोन लावून क्रॉस-पोल (आपला सिग्नल दुसऱ्याच्या वाटेत जात नाही ना ते) तपासून घ्यायचा, खाली उतरलं की मॅनेजरसाहेब म्हणणार, 'स्लोच आहे हो.' स्लो असणारच. भूस्थिर उपग्रह (पृथ्वीबरोबरच फिरणारा, म्हणून एका जागी स्थिर दिसणारा) ३५,७८६ किमी उंचीवर. आपली विनंती वर जाऊन खाली येते, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली. चार खेपांचे झाले १,४३,००० किमी. प्रकाशालाच त्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो, प्रत्यक्षात ६०० मिलिसेकंद धरून चालायचं. स्टारलिंकचे उपग्रह ५५० किमीच्या आसपास. तेच गणित ७-८ मिलिसेकंदांवर येतं आणि प्रत्यक्षात २५ ते ५० मिळतात. म्हणजे लेटन्सीचं (विलंबाचं) रडगाणं संपलं. हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

संपलेली नाही ती वाटणीची अडचण. इन-स्पेस या अंतराळ क्षेत्राच्या सरकारी नियामक संस्थेने जुलै २०२५ मध्ये जी परवानगी दिली तीत भारतावरची क्षमता ६०० जीबीपीएस (एक जीबीपीएस म्हणजे हजार एमबीपीएस) धरलीय. त्याच महिन्यात केंद्रीय राज्यमंत्री पेम्मासानी चंद्रशेखर म्हणाले की देशात २० लाखांपर्यंतच ग्राहक घेता येतील, वेग २०० एमबीपीएसपर्यंत. आता भागाकार करा. ६०० जीबीपीएस भागिले २० लाख, म्हणजे माणशी ०.३ एमबीपीएस. सगळे एकदम वापरत नाहीत, कबूल. दहातला एकच ओढतोय असं धरलं तरी ३ एमबीपीएस. रात्री साडेआठला दहातल्या एकाच घरात व्हिडिओ चालू आहे, असं गाव मला दाखवा.

खोडून काढा.

प्रेअरीतला_पाहुणा

काका, मी कॅनडात मॅनिटोबात राहतो, शहरापासून लांब, चारी बाजूला शेतं. इथे केबल नाही, फायबर नाही. स्टारलिंकवर घरून काम करतो, मुलीचे क्लास त्यावर, बायकोचा पुण्याला आईशी व्हिडिओ कॉल त्यावर. दुपारी दीडशे-दोनशे एमबीपीएस मिळतात, रात्री उतरतं पण काम अडत नाही. क्वचित कॉलवर आवाज निमिषभर तुटतो, तेवढंच. तुमचा भागाकार कागदावर ठीक आहे, पण ६०० हा परवान्यातला आकडा आहे. निसर्गाचा नियम नाही. उद्या वाढवतील.

तिरकस

भागाकार आला की पळायचं असतं हे शाळेत शिकलोय. मी फक्त प्रतिसाद वाचायला आलो आहे, पॉपकॉर्न घेऊन.

डेसिबल

पाहुणे, अनुभव खरा आहे, पण तो मॅनिटोबाचा आहे. स्टारलिंकच्या पहिल्या पिढीतले बहुतेक उपग्रह विषुववृत्ताशी ५३ अंशांचा कोन करून फिरतात. असा उपग्रह ५३ उत्तर ते ५३ दक्षिण यांच्यामध्येच वरखाली करतो आणि दोन्ही टोकांच्या वळणांजवळ जास्त वेळ असतो. म्हणून ५० अंशांवर उपग्रहांची दाटी आणि आपल्याकडे २०-२२ अंशांवर विरळ. भूमितीने काढलं तर नंदुरबारच्या डोक्यावरची दाटी तुमच्याकडच्या जेमतेम एक तृतीयांश भरते. तुम्ही बरोबर त्यांच्या दाट पट्ट्याखाली घर घेतलंय.

दुसरी गोष्ट बातम्यांत कुणीच लिहीत नाही. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या नियमाप्रमाणे खालच्या कक्षेतल्या उपग्रहांनी भूस्थिर उपग्रहांच्या सेवेत व्यत्यय आणायचा नाही. म्हणून एखादा स्टारलिंक उपग्रह तुमच्या डिशवरून बघताना भूस्थिर पट्ट्याच्या (भूस्थिर उपग्रहांच्या आकाशातल्या रांगेच्या) रेषेत आला की तो तेवढ्यापुरता बाद. मॅनिटोबातून हा पट्टा दक्षिणेला खाली, क्षितिजापासून ३३ अंशांच्या आसपास दिसतो. डिश उत्तरेला जरा कलवली की विषय संपला. धडगाव-अक्कलकुव्याकडून तोच पट्टा डोक्यापासून फक्त २५ अंश दक्षिणेला आहे, पूर्व-पश्चिम कमान टाकून. सरळ वरचं आकाश म्हणजे सगळ्यात कमी अंतर, सगळ्यात चांगला सिग्नल. त्यातलाच बराचसा भाग आपल्याला वर्ज्य. आधीच उपग्रह विरळ, त्यात ही कात्री.

तुमचा आवाज निमिषभर तुटतो त्याचंही कारण आहे. उपग्रह सेकंदाला साडेसात किमीहून जास्त वेगाने जातो, एक उपग्रह वापरता येतो चार-पाच मिनिटं. कुठल्या डिशने कुठल्या उपग्रहाशी बोलायचं याचं वाटप दर १५ सेकंदांनी नव्याने होतं. त्या सांध्यावर विलंब उडी मारतो. व्हिडिओ आधीच थोडा साठवून ठेवलेला असतो म्हणून कळत नाही, कॉलवर आणि गेममध्ये कळतं.

तिरकस

म्हणजे आकाशातही आरक्षित जागा आहेत आणि आपण वेटिंगवर. उत्तम.

फायबरचा_गडी

व्हीसॅटकाकांना माझा पाठिंबा, आणि माझा आकडा त्यांच्याहून जहाल आहे. मी धाराशिवकडे केबल आणि फायबर चालवतो. जीपॉनचा (फायबर घरोघरी वाटायच्या पद्धतीचा) एक पोर्ट म्हणजे २.५ जीबीपीएस, त्यावर ३२ किंवा ६४ घरं. १६ पोर्टांची ओएलटी पेटी (आमच्याकडचं मुख्य यंत्र) कपाटात मावते, तिची बेरीज ४० जीबीपीएस. अख्ख्या भारतासाठी आकाशातून येणारे ६०० जीबीपीएस म्हणजे अशा १५ पेट्या! एका तालुक्यात याहून जास्त लागतील.

डेसिबल

गडीभाऊ, पेटीची बेरीज ४० असेल, पण तिला मागून अपलिंक (इंटरनेटकडची मुख्य लाइन) किती देता? १० जीबीपीएसचं ना?

फायबरचा_गडी

१०. बरं, ६० पेट्या म्हणा. मुद्दा तोच राहतो. आणि ओव्हरसेल (आहे त्याहून जास्त विकणं) आम्हीही करतो, नाही म्हणणारा खोटं बोलतो. फरक असा की आमच्याकडे लाइन भरली की दुसरी फायबर पेटवायची. आकाशात तसं नाही. गावच्या डीपीवर सगळ्यांनी एकदम मोटर टाकल्यावर व्होल्टेजचं जे होतं ते तिथे रोज संध्याकाळी होणार, आणि दुसरा डीपी कुणाच्या हातात नाही.

प्रेअरीतला_पाहुणा

कसा नाही? नवे उपग्रह सोडले की झाला दुसरा डीपी. व्ही-२ मिनी जातीच्या एका उपग्रहाची खाली डेटा पाठवायची क्षमता ९६ जीबीपीएसच्या घरात आहे असं कंपनीच सांगते. पुढच्या व्ही-३ साठी एक टेराबिट (हजार जीबीपीएस) म्हणतात. गणित बदलतंय, तुम्ही जुन्या आकड्यांवर भांडताय.

डेसिबल

इथे दोघंही अर्धे बरोबर आहात, म्हणून जरा लांबण लावतो.

घरच्या डिशकडे येणारा सिग्नल १०.७ ते १२.७ गीगाहर्ट्झमध्ये. एकूण २ गीगाहर्ट्झ, त्याचे साधारण २५० मेगाहर्ट्झचे आठ चॅनेल. हर्ट्झमागे चार बिट बसवले तर एका चॅनेलचा एक बीम (झोत) एक जीबीपीएसच्या आगेमागे. जमिनीवर एक सेल (एका झोताखालचा भाग) २०-२५ किमी रुंद. शेजारच्या सेलवर त्याच वेळी तोच चॅनेल, तेच ध्रुवीकरण (लहरींच्या कंपनाची तऱ्हा) वापरलं तर दोन्हीकडे गोंधळ. त्यामुळे एका सेलवर ओतता येणाऱ्या डेटाला छत आहे. वर दहा उपग्रह असोत की शंभर, खालचा स्पेक्ट्रम तेवढाच. जास्त उपग्रहांनी जास्त सेल एकाच वेळी सांभाळता येतात, पण एकाच सेलमधली गर्दी त्याने सुटत नाही. ती सोडवायला बीम आणखी बारीक करावा लागतो, त्यासाठी अँटेना मोठी, उपग्रह जड. म्हणून व्ही-३ ला स्टारशिप हे मोठं रॉकेट लागतं.

त्यामुळे पाहुणे म्हणतात तसे ६०० चे हजार होतीलही. भारतातली परवानगी आत्ता पहिल्या पिढीपुरती आहे, ४,४०८ उपग्रह, ५४० ते ५७० किमी. ती बदलू शकते. पण अंधेरीची गर्दी कुठल्याच पिढीत आकाशातून भागणार नाही. नैरोबीत नोव्हेंबर २०२४ मध्ये नवे ग्राहक घेणं बंद करावं लागलं, ते पावसामुळे नव्हे, सेल भरले म्हणून.

तोरणमाळ

मी धडगाव तालुक्यात शाळेवर आहे. तुमचा सगळा भागाकार वाचला. माझ्या पाड्यावर तो लावून बघा. घरं टेकड्यांवर विखुरलेली, एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायला नाला ओलांडावा लागतो. रेंज शाळेत नाही. वरच्या बांधावर एका ठराविक दगडाजवळ दोन कांड्या येतात, तिथे उभं राहून हजेरी अपलोड करायची. पावसाळ्यात तीही जाते कारण टॉवरची वीज जाते.

गडीभाऊ, फायबर आमच्या ग्रामपंचायतीपर्यंत आलंय. डबा भिंतीवर आहे. त्यावर लॉसचा लाल दिवा लुकलुकतो. रस्त्याच्या कामात जेसीबीने तार कुठे तोडली ते कुणाला माहीत नाही आणि शोधायला कुणी येत नाही. तुमच्या पेटीतले ४० जीबीपीएस आम्हाला काय करायचेत? शाळेला १० एमबीपीएस द्या, पण रोज द्या.

फायबरचा_गडी

ताई, जेसीबी आमचाही शत्रू आहे. चौपदरी रस्ता आला की आमचा सणच. पण स्टारलिंकलाही जेसीबी आहे, फक्त वेगळा. २४ जुलै २०२५ ला त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये बिघाड झाला आणि जगभर अडीच तास सेवा बंद. माझी तार तुटली तर चार गावं बसतात.

तोरणमाळ

अडीच तास? आमच्याकडे त्याला बंद म्हणत नाहीत.

तिरकस

ताईंनी सामना इथेच जिंकला. बाकीच्यांनी घरी जावं.

व्हीसॅटवाला

ताईंचं म्हणणं माझ्या मुद्द्याच्या विरोधात नाही. सेलमध्ये माणसं कमी, म्हणजे वाट्याला जास्त. विरळ वस्ती हीच या तंत्राची खरी जागा. मी भांडतोय ते 'टॉवर गेले, केबल गेली' म्हणणाऱ्यांशी. लक्षद्वीप बघा. सगळी बेटं उपग्रहावर होती, एकूण १.७ जीबीपीएस. जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून समुद्री केबल सुरू झाली आणि क्षमता २०० जीबीपीएसवर गेली. अंदमानलाही ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईची केबल मिळाली. ज्यांनी वर्षानुवर्षं उपग्रह वापरला त्यांनी संधी मिळताच तार ओढून घेतली.

डेसिबल

एक खोच आहे, ताई. सेल तुमचा विरळ आहे, पण उपग्रह तुमचा एकट्याचा नाही. तो खाली सुमारे ९०० किमी त्रिज्येचा प्रदेश बघतो. सातपुड्यावरचा उपग्रह त्याच क्षणी मुंबई, सुरत, इंदूर, अहमदाबादही बघत असतो. त्याने आपले बीम कुणाकडे वळवायचे हे कंपनी ठरवते, आणि पैसे देणारा ग्राहक शहराजवळच्या फार्महाउसवर जास्त. दूरसंचार नियामक ट्रायने मे २०२५ मध्ये शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जादा आकारायची शिफारस केली. हेतू चांगला, पण फार्महाउसवाला ५०० रुपयांना घाबरेल असं मला वाटत नाही. सरकारने या जिल्ह्यांसाठी करार करायचाच असेल तर 'इतक्या शाळा, इतकी आरोग्य केंद्रं' एवढ्यावर थांबू नये. संध्याकाळी सात ते दहा किमान किती वेग मिळेल, हे कागदावर घ्यावं.

वाशिष्ठीकाठी

पावसाचं कुणी बोलतच नाहीये. मी चिपळूणचा. आमच्याकडे डीटीएच जूनमध्ये 'सिग्नल उपलब्ध नाही' म्हणतं ते सप्टेंबरात परत येतं (थोडी अतिशयोक्ती). दुसरीकडे २२ जुलै २०२१ च्या पुरात वीज गेली, फोन गेले, बाहेरच्यांना आमचा पत्ताच लागेना. त्या दिवशी गच्चीवर अशी एक डिश असती तर?

व्हीसॅटवाला

हा माझ्या आवडीचा प्रश्न. तुमचं डीटीएचही केयू बँडमध्येच (साधारण १२ गीगाहर्ट्झ) आहे, म्हणून घाबरणं रास्त. पण संततधार हा मोठा शत्रू नाही. थेंब मोठे आणि एकदम दाट कोसळतात ती दहा-वीस मिनिटांची सर सिग्नल खाते. डीटीएचला पर्याय नसतो, ठरलेल्या दर्जाखाली गेलं की चित्र बंद. इंटरनेटच्या मॉडेमला गिअर खाली टाकता येतो. सिग्नल पडला की कमी बिटांचं मॉड्युलेशन (लहरीवर कमी डेटा लादायचा), वेग कमी पण लिंक जिवंत. शिवाय खालच्या कक्षेत दर थोड्या वेळाने उपग्रहाची दिशा बदलते. सर दक्षिणेला असेल तर उत्तरेचा उपग्रह चालून जातो. भूस्थिरात दिशा एकच, ती अडली की बसा.

दुखणं आहे ते गेटवेला. घरची डिश केयू, पण उपग्रह ते जमिनीवरचं मोठं केंद्र हा टप्पा मुख्यतः केए बँडमध्ये, २०-३० गीगाहर्ट्झ. त्याच पावसात २० गीगाहर्ट्झचं नुकसान डेसिबलमध्ये १२ गीगाहर्ट्झच्या दुपटीहून जास्त. गेटवेवर ढगफुटी झाली तर तुमच्या चिपळुणात ऊन असूनही वेग पडेल. उपाय म्हणजे गेटवे लांब लांब ठेवणं.

सूर्याचाही एक त्रास असतो, तो मात्र भूस्थिरवाल्यांचा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि पुन्हा ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो, रोज काही मिनिटं लिंक डाऊन. मार्च एंडच्या धावपळीत मॅनेजरला 'साहेब, सूर्य आडवा आलाय' हे सांगून बघा. माझ्यावर किती विश्वास बसायचा ते चेहऱ्यावर दिसायचं.

पुराच्या दिवशी डिश नक्की उपयोगी. फक्त विजेची सोय आधी हवी.

प्रेअरीतला_पाहुणा

गेटवेवरून आठवलं. उपग्रह एकमेकांशी लेझरने बोलतात ना? मग पाऊस असेल तिथून उचलून कोरड्या देशातल्या गेटवेला टाकायचं. काचेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किमी जातो, पोकळीत तीन लाख. लांबच्या अंतराला लेझर केबलला हरवू शकतो.

डेसिबल

तंत्र आहे, पण भारतात परवानगी नाही. इथल्या ग्राहकाचा डेटा भारतातल्याच गेटवेवर उतरायला हवा ही सुरक्षेची अट आहे. सीमेवरचा देश म्हणून ती मला पटते, पण मग लेझरचा अर्धा फायदा कागदावरच. वनवेब या दुसऱ्या उपग्रह-इंटरनेट कंपनीला तर हा प्रश्नच नाही. त्यांच्या पहिल्या पिढीत लेझर नाहीत. १,२०० किमी उंची, ध्रुवीय कक्षा, त्यामुळे विषुववृत्ताकडच्या विरळपणाचा त्रास त्यांनाही आहे. त्यांचे ७२ उपग्रह इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटनेच दोन खेपांत, ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये सोडले.

माणदेशी_मोबाईल

एवढी डिशची भानगड कशाला? फोनला थेट उपग्रह जोडतात म्हणे आता.

डेसिबल

जोडतात, पण फोनची अँटेना बोटाएवढी, ताकद वॉटच्या भागात. ती कसर वर भरावी लागते. २४ डिसेंबर २०२५ ला श्रीहरिकोट्याहून एलव्हीएम-३ ने ब्लूबर्ड उपग्रह सोडला, त्याची अँटेना २२३ चौरस मीटर! मोकळ्या माळावर मेसेज, कॉल, थोडं नेट. पत्र्याच्या घरात बसून सिनेमा नाही.

तोरणमाळ

आता माझ्या कामाचं सांगा. इरादापत्राचं काय व्हायचं ते होवो, शाळेला डिश मिळालीच तर बसवायची कुठे? शाळेच्या दक्षिणेला डोंगर आहे, बराच उंच. उत्तरेला दरी मोकळी आहे, पण अंगणात मोहाचं मोठं झाड आहे. ते तोडायचा विषय काढायचा नाही, आधीच सांगते. गावाचं आहे ते.

डेसिबल

डोंगर दक्षिणेला आहे ही चांगली बातमी, ताई. डिशला वरचा साधारण ११० अंशांचा शंकू मोकळा लागतो. डोंगर क्षितिजापासून ३०-३५ अंशांपर्यंतच असेल तर तो त्या शंकूत येतच नाही. शिवाय दक्षिणेच्या आकाशातला मोठा भाग त्या भूस्थिर पट्ट्यामुळे असाही कापलेला. तुमची कमाई उत्तरेच्या आकाशात आहे, म्हणून मोह खरा अडसर. पानांच्या आड उपग्रह गेला की दर काही मिनिटांनी सेकंद-दोन सेकंद तुटणार. ओल्या पानांत जास्त. झाड राहू द्या, डिश त्याच्यापासून लांब आणि उंच न्या.

व्हीसॅटवाला

विजेचं आत्ताच बघून ठेवा. मोठी डिश ७५ ते १०० वॉट खाते, चोवीस तास चालू ठेवली तर महिन्याला ५५ ते ७० युनिट. लहान मिनी डिशला २५ ते ४० वॉट पुरतात, शाळेला तीच घ्या. १५० एएचची एक ट्युब्युलर बॅटरी भरलेली असेल तर रात्रभर चालेल. दिवसा सोलर पॅनेल लावता आलं तर उत्तम.

पत्र्यावर थेट ठोकू नका, वाऱ्यात पत्रा थरथरतो आणि भोकातून पाणी उतरतं. भिंतीला दोन ठिकाणी क्लॅम्प मारून जीआय पाइप उभा करा, पाइपचं वरचं टोक झाकलेलं हवं. केबल आत घेण्याआधी खाली एक झोल ठेवा म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. आणि आर्थिंग स्वतंत्र करून घ्या, शाळेच्या मीटरच्या जुन्या तारेला जोडू नका. सातपुड्यात मे महिन्यात वीज किती कडाडते हे तुम्हाला मी सांगायला नको. शाळेचे चारी बाजूंचे फोटो टाका, जागा मी सांगतो.